जुलैत दाखवू

"इनको कब से हो रहा है?" डॉक्टरांनी विचारलं, आणि विचारलं ते गजेंद्रला.

प्रेमा पेशंटच्या स्टुलावर बसली होती. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, उत्तरासाठी उघडलेलं तोंड. दुखणं तिचं होतं, दंडही तिचाच होता. पण डॉक्टरांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे गेली होती. आणि नवराही, कंपनीतल्या एखाद्या बिघडलेल्या एसीची तक्रार वरच्या साहेबाला सांगावी तसा, न अडखळता सांगत होता. "दो-तीन महिने हुए, डॉक्टर. गॅस का प्रॉब्लेम है. टाइम पे खाती नहीं ना. कभी कभी पीठ में भी आता है." पाठीत येतं हे खरंच होतं. पण कसं येतं? दोन्ही फऱ्यांच्या मधोमध कुणी मूठ दाबून धरतं, मग ते खालच्या जबड्यात उतरतं आणि दाढ ठणकते, आणि एसी चालू असताना कपाळावर गार घाम येतो. हे गजेंद्रला सांगता येणं शक्यच नव्हतं, कारण हे त्याला होत नव्हतं. तिनं सांगायला तोंड उघडलं होतं. डॉक्टरांनी तोवर गोळ्या लिहायला घेतल्या होत्या. "भाभीजी, टेन्शन मत लो. मसाला कम, वजन थोडा कम." पट्टा काढताना ते हसले. बीपी जरा जास्तच आहे, पण क्लिनिकमध्ये येऊन सगळ्यांचंच वाढतं, असं म्हणाले. हेही गजेंद्रलाच. मग ते ज्यासाठी ही दोघं खरं तर मस्कतच्या रुवी भागातल्या या क्लिनिकमध्ये आली होती त्या कामाकडे वळले. गजेंद्रची सहामाही तपासणी. त्याचा कार्डिओग्राम काढला, रक्त घेतलं, दोन्ही पायांच्या घोट्यांवर बोट दाबून सूज पाहिली. प्रेमानं त्याचा शर्ट घडी करून मांडीवर धरला होता. शर्ट धरून बसलेल्या बाईच्या डोक्यात तिडीक जाते आहे हे त्या खोलीत कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

गोष्ट एवढीशीच होती. लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेल्या बाईच्या वतीनं नवऱ्यानं उत्तर दिलं, यात काय मोठंसं? दुकानदार, शाळा, विमानतळावरचा खिडकीतला माणूस, सगळ्यांना तोच उत्तर देत आला होता. त्याचं अरबी बरं होतं, हिंदी सफाईदार होतं, आणि व्हिसावर तर ती त्याचीच बायको म्हणून या देशात होती. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटायचं, सोय व्हायची. मग आजच काय झालं? गाडी दार्सैतच्या चढाला लागली तरी तिला ते नीट धरता येईना. छातीतल्या दुखण्याचंसुद्धा उत्तर त्यानंच दिलं, म्हणून? की ते चुकीचं दिलं, म्हणून? शेवटी तिनं विचारलं, "माझा का नाही काढला हो कार्डिओग्राम?"

"अगं, गॅसला कोण कार्डिओग्राम काढतं?"

"गॅसच आहे कशावरून?"

"डॉक्टर काय वेडा आहे का?" त्यानं हॉर्न दिला, पुढच्या टॅक्सीला. मग आवाज मऊ केला. मऊ आवाज त्याला मनापासून यायचा, तीच तर पंचाईत होती. "हे बघ, जुलैत जातोच आहोत ना आपण? चिपळूणला एकदम सगळं करून घेऊ. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं. जुलैत दाखवू."

जुलैत दाखवू. आखातातल्या मराठी घरांत देवाच्या नावाखालोखाल उच्चारलं जाणारं वाक्य असेल तर ते हेच. इथं माणसं वर्षभर दुखणी जमवतात. दाढ किडते, तिच्यात लवंग धरतात. गुडघा सुजतो, त्याला पट्टा बांधतात. डोळ्यांसमोर जाळं येतं, त्याच्यातून टीव्ही बघतात. आणि मग शाळांना सुट्टी लागली की बॅगेत चॉकलेटं, अत्तरं आणि ही जमलेली दुखणी भरून विमानात बसतात. तिकडे डॉक्टर आपल्या भाषेत बोलतो, ओळखीचा असतो, त्याला आपल्याला परवडेल तेवढंच द्यावं लागतं. इथं कंपनीचं विम्याचं कार्ड फक्त कामावरच्या माणसाचं, कुटुंबाचं नाही. म्हणजे कारणं सगळी खरी होती. शहाणी, हिशेबी कारणं. एवढंच की दुखण्याला कॅलेंडर वाचता येत नाही, आणि जमवून ठेवलेली दुखणी बहुतेक घरांत बायकांची असतात. पुरुष कामावर जातो, त्याचं दुखणं कामाच्या आड येतं, म्हणून ते त्याच दिवशी डॉक्टरकडे पोचतं. बाईचं दुखणं कशाच्याच आड येत नाही. ते घेऊन ती पोळ्या करू शकते.

आणि जुलै काय करतो हे प्रेमाइतकं कुणाला ठाऊक असणार? आकांक्षा चौथीत होती त्या वर्षी पाळी थांबेना. फेब्रुवारीत सुरू झालं ते. चादरी धुऊन धुऊन हात सोलवटले, पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि घरात ठरलं, जुलैत दाखवू. जुलै आला तेव्हा गावाकडच्या डॉक्टरांनी नुसतं तपासलं आणि सासूबाईंना म्हणाले, पिशवी काढूनच टाकू. गोळ्यांनी बघता आलं असतं, पण त्याला चार-सहा महिने बघावं लागलं असतं, आणि परतीचं विमान महिनाअखेरचं होतं. विमानाच्या तारखेत गोळ्या बसत नव्हत्या, ऑपरेशन बसत होतं. मग झालं. एक मूल आहेच की, आता कशाला हवी पिशवी, असं बायकाही म्हणाल्या. "बाजूच्या ग्रंथीही काढल्यात हो, पुढची कटकट नको," असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तेही सासूबाईंना. ती अडतीस वर्षांची होती. मस्कतला परतली तेव्हा अंगातून वाफा निघायच्या, झोप यायची नाही, आणि आरशातली बाई दर महिन्याला फुगत चालली होती. त्या ग्रंथी नुसत्या कटकट करत नव्हत्या, बाईच्या काळजाला सांभाळतही होत्या, हे तिनं पुष्कळ वर्षांनी, या महिन्यातच, मोबाइलवर वाचलं. ते वाचताना तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं, कुणी पाहील म्हणून.

गजेंद्रला झालं तेव्हा कुणी जुलै काढला नाही. प्रेमानंही नाही. आदल्या वर्षी, जानेवारीतली संध्याकाळ. तो कामावरून आला, सोफ्यावर बसला आणि म्हणाला, छातीत भरल्यासारखं वाटतंय. बस्स, एवढंच. त्यानंतर इमारत हलली. खालचे चंद्रहासकाका लुंगीवर धावत आले, शेजारच्या रईसाच्या नवऱ्यानं गाडी काढली, कुणीतरी त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली. प्रेमा त्याच्या चपला हातात घेऊन अनवाणी खाली पळाली होती; त्याला परत येताना लागतील म्हणून. रात्री नळी घातली, स्टेंट बसवला. गावाहून फोन, कंपनीतून फोन, मराठी मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस. आणि त्या दिवसापासून घरात एक हृदय राहायला आलं. त्याचं तेल वेगळं, त्याचं मीठ वेगळं, त्याची भाजी आधी काढून ठेवायची, त्याच्या पोळीला तूप नाही. सगळं तिनं केलं, मनापासून केलं, भीतीनं केलं. पण कपाटातलं जुनं तेल, डबाभर पापड, सासूबाईंनी पाठवलेलं लोणचं, नारळाच्या वड्या, ते काय टाकून द्यायचं? अन्न आहे ते. त्याला चालत नाही, आकांक्षा तोंड वाकडं करते. मग ते कुठं गेलं? दुपारी एकच्या सुमारास, ओट्याशी उभ्या उभ्या, आदल्या रात्रीच्या तळलेल्या बांगड्याच्या तुकड्याबरोबर, ते प्रेमाच्या पोटात गेलं. त्याच्या काळजातून जे काढलं ते तिच्या काळजात भरलं, असं म्हटलं तर कुणी हसेल. ती स्वतःच एकदा हसली होती, मग पापड तोंडातच राहिला होता.

रोज सकाळी ती त्याचा बीपी मोजायची. यंत्र चांगलं होतं, आकडा दाखवायचं, ती त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायची. एकदा आकांक्षानं हट्ट केला. "आई, तू ऑलवेज टायर्ड असतेस. वन्स चेक कर ना तुझं पण. प्लीज." बारावीतल्या मुलीचं मराठी असं वळणावळणाचं, पण नजर सरळ होती. प्रेमानं पट्टा बांधला. आकडा आला तो दोघींनी वाकून पाहिला. "इट्स सो हाय," आकांक्षा म्हणाली. आणि प्रेमा काय म्हणाली? म्हणाली, यंत्र बिघडलं असेल. हा पट्टा बाबांच्या दंडाच्या मापाचा आहे. तेच यंत्र, जे पाच मिनिटांपूर्वी नवऱ्याच्या बाबतीत ब्रह्मवाक्य होतं. आता आठवलं की तिला स्वतःचाच संताप येतो. दुसऱ्यांनी कानामागे टाकलं तर त्यांच्याशी भांडता येतं. आपणच टाकलं तर कुणाशी भांडायचं?

हे शिकलो तरी कुठं, असा विचार करत ती डाळ धूत राहिली आणि पाण्यात हात तसाच राहिला. आईकडे. आई गेली तेव्हा बावन्न वर्षांची होती. संगमेश्वरजवळच्या त्या घरात रात्री जेवणं झाली, भांडी झाली, पाठीत चमक आली म्हणून तिनं तेल चोळून घेतलं, आणि सकाळी उठली नाही. हिरव्या साडीत, मळवट भरून, ओटी भरून नेली तिला. गावातल्या बायका रांगेनं पाया पडल्या. भाग्याची ग बाई. सवाष्ण गेली. नवऱ्याच्या मांडीवर गेली म्हण ना. प्रेमाही तेव्हा मान हलवत होती. रडताना बरं वाटत होतं की आपली आई भाग्याची. एवढ्या बायकांतल्या एकीनंसुद्धा विचारलं नाही की बावन्नाव्या वर्षी धडधाकट बाई झोपेत कशानं गेली? तिला झालं काय होतं? भाग्य हे काही मरणाचं कारण होऊ शकत नाही. पण गजेंद्रच्या तपासणीत डॉक्टर विचारतात, वडिलांना काही हार्टचं? तो सांगतो, हो, बायपास झाली होती. आणि प्रेमाला कुणी विचारलंच तर ती काय सांगणार? माझी आई भाग्यानं वारली?

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात लिफ्ट बंद पडली. सकाळी अकरालाच बाहेर भट्टी पेटलेली. प्रेमा भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होती आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती मूठ आली. पाठीत, मग जबड्यात. तिनं पिशव्या ठेवल्या आणि पायरीवर बसली. लाल माठाची जुडी घरंगळत तीन पायऱ्या खाली गेली, तिच्याकडे बघत राहणं एवढंच तिला जमत होतं. श्वास आत जात होता पण पुरत नव्हता. वरून रईसा जिना उतरत आली. दाभोळची रईसा, नवरा दिलशाद हमरियात कापडाच्या दुकानात. दोघींचा वीस वर्षांचा शेजार. तिनं काही न विचारता भाजी गोळा केली, प्रेमाच्या कपाळावर ओढणी टेकवली आणि तो ओलावा बघितला.

"हा कसला घाम गो? गरमीचा घाम असा गार नसतो."

"पित्त आहे. सकाळपासून चहावरच आहे मी."

"पित्त!" रईसा तिच्या शेजारी पायरीवरच बसली. "माझी जोहराखाला ठावं आहे ना तुला? हमरियातली. पित्त पित्त करत गेली ती. रोज कोकमाचं पाणी पियाची. खालूंना, तिच्या मरदाला, साधी शिंक आली तर आख्खं घर हॉस्पिटलात. आन् खाला जबडा धरून बसायची तर म्हणायचे, दाढ काढून टाक. एक दाढ काढली पण तिची. चांगली दाढ होती." तिच्या आवाजात रडणं नव्हतं, राग होता, आणि तो जुना झालेला नव्हता. "मरदाच्या छातीत दुखलं तर हार्ट. आपल्या दुखलं तर गॅस. भाभी, शनिवारी चल माझ्याबरोबर. टॅक्सी करू. कुणाला विचारायची जरूर नाय."

"अगं, जुलैत जातोच आहोत," प्रेमा म्हणाली.

हे आपल्याच तोंडून निघालं हे तिला कळलं तेव्हा रईसा उठून पिशव्या वर नेऊ लागली होती. जिन्यात बसल्या बसल्या प्रेमाला अशी काही चीड आली की दुखणं क्षणभर मागे पडलं. जुलैनं आधी एकदा आपल्या पोटातलं नेलं. तेव्हा पाच महिने थांबलो म्हणून गोळ्यांची वेळ टळली आणि सुरीची आली. आता हे छातीतलं आहे. पोटातलं काढून टाकता येतं, हे काढून टाकता येत नाही. या वेळी आपण जुलैपर्यंत पोचलोच नाही तर? तर काय, हिरवी साडी, मळवट. मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं. आणि कुणीतरी नक्की म्हणेल, प्रेमावहिनी भाग्याच्या, नवरा स्टेंटवर आणि ह्या सवाष्ण गेल्या. तिनं कठडा धरला आणि उठली. नाही म्हटलं तर नाही. पण नाही कुणाला म्हणायचं हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं. गजेंद्र काही वाईट माणूस नव्हता. त्यानं त्या रात्री तिच्यासाठी ॲसिडिटीचं औषध आणलं, चांगल्या कंपनीचं, आणि स्वतः चमच्यानं दिलं.

त्या शुक्रवारी मंडळाचा आरोग्य मेळावा होता. ग्रुपवर आठवडाभर निमंत्रण फिरत होतं: पुरुषांसाठी मोफत हृदयतपासणी, महिलांसाठी 'एक चमचा तेलात' पाककृती स्पर्धा, मुलांसाठी चित्रकला. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला ते लिहिताना काही खटकलं नसेल, आणि वाचणाऱ्या दोनशे घरांतही कुणाला खटकलं नाही. प्रेमाचं नाव चिटणीस सागरनं परस्पर घातलं होतं. वहिनी, तुमच्याशिवाय कोण? तुम्ही तर घरात रोजच करता. तिनं तेल न घालता वाफेवरचे कोथिंबिरीचे वडे केले. सकाळी उठून, पाठीत ती मूठ घेऊन, केले.

हॉलच्या एका अंगाला टेबलं मांडून बायका आपापली ताटं सजवत होत्या. दुसऱ्या अंगाला, गणपतीच्या मखरामागे लावतात तो मखमली पडदा दोरीवर टाकून आडोसा केला होता. आत पलंग, यंत्र आणि एक मल्याळी सिस्टर. बाहेर पुरुषांची रांग, शर्टाची बटणं आधीच सोडलेली, पोटं सुटलेली, एकमेकांची थट्टा चाललेली. व्यासपीठावर डॉक्टर बोलत होते. मंडळानं मोठ्या मानानं बोलावलेले हृदयविकारतज्ज्ञ, आपलेच, कोल्हापूरकडचे. बोलणं गमतीदार होतं. "पुरुषमंडळी, गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर करता, इंजिनाची का नाही?" हशा. "आणि वहिनींनो, लक्षात ठेवा, यांच्या हृदयाची किल्ली तुमच्या हातात, म्हणजे तुमच्या तेलाच्या बरणीत!" मोठा हशा, टाळ्या. बायकाही हसत होत्या. प्रेमा हातात कोथिंबिरीची काडी घेऊन उभी होती. आमच्या हातात यांचं हृदय, आणि आमचं कुणाच्या हातात? डॉक्टर हे सांगतील म्हणून ती वाट बघत राहिली. एवढा शिकलेला माणूस, पुढच्या वाक्यात सांगेल. पुढचं वाक्य ओट्सवर होतं. आणि मग ती मूठ आली, पूर्वी कधी आली नव्हती एवढी घट्ट. समोरची ताटं लांब गेली. खुर्ची शोधावी, पाणी प्यावं, पदरानं तोंड पुसावं, वेळ निभावून न्यावी. आजवर जे जे केलं होतं ते सगळं करायला अंग तयारच होतं. तिनं ते केलं नाही. कोथिंबिरीची काडी ताटात ठेवली आणि हॉल ओलांडून ती पुरुषांच्या रांगेकडे चालत गेली.

रांगेत उभी राहिलीच नाही, सरळ पुढे गेली. "वहिनी, अहो, ही जेंट्सची लाइन आहे," सागर हसत आडवा आला. "स्पर्धेचं परीक्षण होतंय ना तिकडं."

"बाजूला हो, सागर."

"नाही, म्हणजे लेडीजसाठी आपण पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी कोण आहे, कोण नाही. बाजूला हो म्हणते ना!"

आवाज चढला हे तिला हॉलमधल्या सगळ्या माना वळल्यावर कळलं. रांगेतले पुरुष बटणं लावायला लागले होते. गजेंद्र पलीकडून लगबगीनं आला, तिच्या कोपराला धरून खालच्या आवाजात म्हणाला, "प्रेमा, काय हे? सगळे बघतायत. गॅस झालाय तर घरी जाऊ ना आपण." तिनं कोपर सोडवून घेतलं. त्याच्या मऊ आवाजाला उत्तर देण्याइतका श्वासच तिच्याकडे नव्हता, आणि होता तो पडद्यापर्यंत पोचायला लागणार होता. पलंगावर कुणी इंजिनिअर पालथे-उताणे होत चपला शोधत होते. ते निघून गेले. ती स्वतःच आडवी झाली. सिस्टरनं तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि पडदा ओढून घेतला. "बोलना मत, चेची," एवढंच म्हणाली. गार चकत्या छातीवर एकेक चिकटत गेल्या. छताला पंखा फिरत होता. प्रेमाला वाटलं होतं लाज वाटेल. वाटला तो राग, साऱ्या अंगभर, आणि त्याच्या आधारानं ती शुद्धीवर होती.

यंत्रातून कागद सरकत आला. सिस्टरनं तो फाडला, पाहिला आणि पडद्याबाहेर जाऊन डॉक्टरांना व्यासपीठावरून उतरवून आणलं. डॉक्टर अजून अर्धवट हसतच आले होते. कागद बघताना त्यांचं हसू गेलं. त्यांनी तिच्या जिभेखाली गोळी ठेवली, एक चघळायला दिली, सिस्टरला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं, आणि मग पलंगाच्या कडेशी वाकून तिला विचारलं, "कुठं कुठं दुखतंय, ताई?" तिनं सांगितलं. पाठ, जबडा, गार घाम. सगळं सांगितलं, अडखळत, पण स्वतःच्या तोंडानं. आकांक्षा आत शिरून तिचा हात घट्ट धरून उभी होती. गजेंद्र पडद्याच्या फटीत.

"आजचं तर आहेच," डॉक्टर म्हणाले. "आज ताबडतोब दाखल व्हायचं. पण हे बघा, इथं जुन्या खुणा दिसतायत. याआधी एक झटका येऊन गेला असावा. नक्की काय ते हॉस्पिटलात कळेल."

"येऊन गेला?" गजेंद्र आत आला. "शक्य नाही, डॉक्टर. ती घरातच असते. आम्हाला कळलं नसतं का?"

प्रेमानं डोळे मिटले. तिला आठवायला वेळ लागला नाही. गजेंद्र हॉस्पिटलातून घरी आल्यावर महिन्याभरानं सत्यनारायण घातला होता, त्याच्या दुखण्याला उतार पडला म्हणून. अख्खी इमारत जेवायला. तिनं पहाटेपासून शिरा ढवळला होता, मोठ्या पातेल्यात, दोन्ही हातांनी. दुपारी पोथीचा शेवटचा अध्याय चालू असताना नैवेद्य आणायला ती पाटावरून उठली आणि स्वयंपाकघरात तिच्या छातीवर असा काही भार आला की ती फरशीवर बसली, गुडघ्यात डोकं घालून. उलटी झाली. मग तोंड धुतलं. घामानं फिसकटलेलं कुंकू पुसून नवं लावलं, आणि बाहेर येऊन साऱ्यांना वाढलं. सगळे म्हणाले, शिरा काय झालाय वहिनी! संध्याकाळी भांडी घासताना डावा हात उचलत नव्हता. ढवळून ढवळून भरून आला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

"सत्यनारायणाच्या दिवशी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. गजेंद्रचा चेहरा पांढरा पडला होता, तो तिच्या पायांशी वाकला आणि पाय धरून म्हणाला, "मग तू तेव्हा बोलली का नाहीस, प्रेमा? एका शब्दानं बोलायचं होतंस. मी काय नाही म्हटलं असतं?"

"बोलले होते," प्रेमा म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दारातून तुम्हाला सांगितलं, छातीत फार दुखतंय. तुम्ही सोवळ्यात होतात. तुम्ही म्हणालात, एवढा प्रसाद वाटून होऊ दे, मग पड जरा."